आटे जुळवणारा माणूस : सर जोसेफ व्हिटवर्थ

व्हिटवर्थ हे नाव मेकॅनिकलच्या पोरांना दोनदा भेटतं. एकदा थिअरी ऑफ मशीन्समध्ये, क्विक रिटर्न मेकॅनिझमची आकृती काढताना. जाताना हळू, येताना भरभर, आणि त्या दोन वेळांच्या गुणोत्तराचं सूत्र पाठ! दुसऱ्यांदा मशीन ड्रॉइंगमध्ये, बी.एस.डब्ल्यू. थ्रेडचा ५५ अंशांचा कोन आखताना. परीक्षा संपली की दोन्ही व्हिटवर्थ वहीबरोबर रद्दीत जातात.

मला हा माणूस तिसऱ्यांदा भेटला, तोही भलत्याच ठिकाणी. शेवटच्या वर्षाला मी सिस्टिम्स इंजिनिअरिंग हा विषय इलेक्टिव्ह म्हणून घेतला. त्यात आय.एस.ओ. १५२८८ नावाचं एक स्टँडर्ड आहे. पहिल्यांदा २००२ साली आलं, मग २००८, २०१५ आणि २०२३ साली सुधारून निघालं. विमान असो, मेट्रो असो की हॉस्पिटलमधलं यंत्र असो, कल्पना सुचल्यापासून ते भंगारात जाईपर्यंत त्याच्यावर कोणकोणत्या प्रक्रिया व्हायला हव्यात, हे त्यात सांगितलंय. आयुष्याचे टप्पेही ठरलेले : संकल्पना, विकास, उत्पादन, वापर, देखभाल, निवृत्ती. आणि प्रक्रियांचे चार गट : करार, संस्था, व्यवस्थापन, तांत्रिक. खरं सांगू का मित्रांनो, हे वाचायला घेतलं की दुसऱ्या पानावर झोप ठरलेली! सगळं बरोबरच असतं, पण माणूस कुठे दिसत नाही. म्हणून मी स्टँडर्ड या शब्दाच्या मागे असलेला माणूस शोधायला लागलो आणि व्हिटवर्थपाशी येऊन थांबलो. १५२८८ लिहिणाऱ्यांनी त्याच्याकडे बघून ते लिहिलं असं मुळीच नाही. पण त्याचं आयुष्य वाचलं, की त्या कोरड्या शब्दांमागे काय काय घडलेलं असतं ते कळतं.

गिरणीतला पोरगा

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शाळामास्तर. जोसेफ दहा-अकरा वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी धर्मोपदेशक व्हायचं ठरवलं आणि मुलांची पांगापांग झाली. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशायरमध्ये नात्यातल्याच एकाच्या सूतगिरणीत चिकटवलं. धंदा शिकेल, पुढे मालकीत वाटा मिळेल, असा घरच्यांचा हिशेब. पण पोराचं लक्ष कापडाच्या भावात नव्हतं, चात्यांच्या चाकांत होतं. काही वर्षांत गिरणी सोडून तो मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून लागला. नंतर त्याने स्वतःबद्दल फार लिहून ठेवलं नाही, पण हातात कानस आणि समोर व्हाइस, एवढ्यावर तो खूष असावा असं मला वाटतं.

१८२५ साली तो लंडनला गेला आणि थेट हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात शिरला. त्या काळी मॉडस्लेकडे काम करणं म्हणजे आजच्या भाषेत सर्वात मोठ्या कंपनीत कॅम्पस प्लेसमेंट! मॉडस्लेकडे एक बेंच मायक्रोमीटर होता. मापावरून दोघांत वाद झाला की शेवटचा निकाल त्याचा, म्हणून कारखान्यात त्याला लॉर्ड चॅन्सलर म्हणायचे. माप हे न्यायाधीश असतं, मालकाचा आवाज नव्हे, हा धडा व्हिटवर्थ तिथेच शिकला असणार.

पुढे तो जोसेफ क्लेमेंटकडे गेला. क्लेमेंट कोण? चार्ल्स बॅबेजचं डिफरन्स इंजिन प्रत्यक्ष घडवणारा कारागीर. कॉम्प्युटरवाल्या मित्रांनी इथे लक्ष द्यावं! हे गणिती यंत्र सरकारी पैशातून बनत होतं. हजारो भाग, सगळे एकमेकांशी तंतोतंत जुळायला हवेत. क्लेमेंटचं काम अफलातून होतं, पण पैसे कधी मिळणार, कारखाना कुठे हलवायचा, तयार केलेली हत्यारं कोणाच्या मालकीची, यावरून भांडणं पेटली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हत्यारं कारागिराची. १८३३ साली काम थांबलं ते थांबलंच. १८४२ साली सरकारने हात झटकले तोवर सतरा हजारांहून जास्त पौंड खर्च झाले होते. यंत्राचा एक तुकडा तेवढा चालत होता, आणि तो सुंदर चालत होता. म्हणजे तांत्रिक प्रक्रिया उत्तम, करार प्रक्रिया शून्य! १५२८८ मध्ये चार गटांत करार हा वेगळा गट का ठेवलाय, हे मला बॅबेज आणि क्लेमेंटच्या भांडणामुळे समजलं.

सपाट म्हणजे किती सपाट?

१८३३ साली व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला आणि त्याने स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. दारावरच्या पाटीवर नावाखाली, आपण लंडनहून आलेले हत्यारं बनवणारे आहोत, एवढीच जाहिरात.

पहिलं काम त्याने घेतलं सपाट पृष्ठभागाचं. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये कानस मारून मारून ज्यांचे हात भरून आले असतील त्यांना सपाट या शब्दाची किंमत माहीत आहे. तेव्हा दोन लोखंडी प्लेट एमरी लावून एकमेकींवर घासत. पण त्यात गोची अशी, की एक प्लेट किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट झाली, तरी दोघी एकमेकींवर छान बसतात. जुळतात, पण सपाट नसतात! व्हिटवर्थने घासणं बंद करून स्क्रेपर हातात घेतला आणि तीन प्लेट घेतल्या. रंग लावून पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर टेकवायची आणि उंच दिसेल तेवढाच ठिपका खरवडायचा. तिघी आपसात कशाही फिरवल्या तरी जुळल्या, तर तिन्ही सपाटच असल्या पाहिजेत, दुसरा पर्यायच नाही. ही पद्धत त्याने १८४० साली ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडली. तीन प्लेटची युक्ती मॉडस्लेच्या कारखान्यातलीच असावी असं काही जण मानतात. पण ती सगळ्यांसाठी उघडी करून शिकवली व्हिटवर्थने.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. दोघांचं एकमेकांशी पटलं म्हणजे काम बरोबर झालं असं नाही. तपासायला तिसरा लागतो. आपल्या प्रोजेक्टच्या ग्रुपलाही हे लागू पडतं, नाही का?

इंचाचा दहा लाखावा भाग

सपाट पृष्ठभाग हाताशी आले आणि त्याने मापाकडे मोर्चा वळवला. पट्टीवरच्या रेघा डोळ्याने बघून माप घेण्यापेक्षा, दोन सपाट टोकांमध्ये वस्तू धरून स्पर्शाने माप घ्यावं हे त्याचं म्हणणं. त्याच्या मापन यंत्रात इंचाला २० आटे असलेला स्क्रू, त्याच्यावर २०० दातांचं चाक आणि ते फिरवणाऱ्या वर्मच्या चकतीवर २५० खुणा होत्या. करा गुणाकार : वीस गुणिले दोनशे गुणिले अडीचशे, बरोबर दहा लाख. एक खूण सरकली की टोक इंचाच्या दहा लाखाव्या भागाने पुढे! माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला, तर त्याच्या अडीच हजाराव्या भागाहूनही कमी. एवढा बारीक फरक कळणार कसा? मध्ये एक पातळ पट्टी ठेवायची. टोकं नीट टेकलेली असली तर पट्टी अडकून राहते, एवढासा फरक पडला तर ती घसरते. बोट लावल्यावर उष्णतेने पट्टी फुगली तरी यंत्राला कळायचं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या यंत्रांनी भाव खाल्ला आणि १८५६ साली तो इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सचा अध्यक्ष झाला. इंचाचे अपूर्णांक सोडून हजारावे भाग वापरा असाही त्याचा आग्रह होता. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाले आजही सळई सुतात मोजतात, पण लेथवरचा जुना कारागीर थाऊ म्हणतो, तो हाच इंचाचा हजारावा भाग.

आता वाटेल, एवढ्या काटेकोर माणसाने आट्यांचं स्टँडर्ड बनवलं म्हणजे प्रयोग करून जगातला सर्वोत्तम आटा शोधला असेल. इथेच तर खरी गोष्ट आहे.

सरासरीचा विजय

१८४० च्या आसपास इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. कोण इंचाला दहा पाडतो, कोण बारा, कोण साडेअकरा. कोन वेगळा, खोली वेगळी. एका कारखान्याचं इंजिन दुसऱ्या गावात बिघडलं आणि बोल्ट हरवला, तर नुसता बोल्ट नव्हे, तो पाडायचं हत्यारही मूळ गावाहून मागवावं लागणार. मॉडस्ले आणि क्लेमेंट आपापल्या कारखान्यापुरते आटे ठरवून काम करत, पण कारखान्याच्या भिंतीबाहेर सगळा आनंदच.

व्हिटवर्थने काय केलं? देशातल्या मोठमोठ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले. ते मोजले. आणि चक्क सरासरी काढली! कोनाची सरासरी आली सुमारे ५५ अंश, तोच कोन पक्का केला. प्रत्येक व्यासाला इंचामागे आटे ठरवले : पाव इंची बोल्टला २०, अर्धा इंचीला १२, एक इंचीला ८. टोकं आणि तळ गोलसर ठेवले, कारण धारदार कोपरा ठेचला जातो आणि भेगही तिथूनच सुरू होते. १८४१ साली हा प्रस्ताव त्याने इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे ठेवला.

दहा लाखावा भाग मोजणाऱ्या माणसाने आपलं डोकं बाजूला ठेवून सगळ्यांची सरासरी घ्यावी, हे मला फार मोठं वाटतं. त्याला ठाऊक होतं, की स्वतःचा सर्वोत्तम आटा मांडला असता तर तो आणखी एक आटा झाला असता, एवढंच. सरासरीत प्रत्येकाला थोडं सोडावं लागतं, पण सगळं कोणालाच सोडावं लागत नाही. कायद्याची सक्ती नव्हती. तरी रेल्वे कंपन्यांनी तो उचलला, कारखान्यांनी उचलला आणि वीसेक वर्षांत इंग्लंडभर तोच आटा झाला. १५२८८ मध्ये संबंधितांच्या गरजा समजून घेण्याची एक स्वतंत्र प्रक्रिया आहे. व्हिटवर्थने ती बोल्टनी भरलेल्या डब्यावर केली, एवढाच फरक.

याचं फळ लवकरच दिसलं. १८५४-५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धासाठी ब्रिटिश नौदलाला छोट्या गनबोटी तातडीने हव्या होत्या. इंजिनं बनवणाऱ्या जॉन पेनने नमुन्याची इंजिनं सुटी केली, एकेक भाग वेगवेगळ्या कारखान्यांना नमुना म्हणून पाठवला आणि आलेले भाग जोडून सुमारे ९० दिवसांत ९० इंजिनं उभी केली. सगळीकडे आटे आणि मापं एक नसती तर ते भाग एकमेकांना बसलेच नसते. मास प्रॉडक्शन म्हणतात ते हेच की!

अचूक बंदूक, नापास

त्याच युद्धाच्या काळात सरकारने व्हिटवर्थला सांगितलं, बंदुका बनवायची यंत्रं तयार कर. हा गडी म्हणाला, आधी नळी कशी असावी ते तर ठरू दे. सरकारी खर्चाने त्याच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांब बंदिस्त नेमबाजी गॅलरी बांधली. ती वादळात कोसळली, पुन्हा उभारली. प्रयोगामागून प्रयोग करून त्याने ०.४५१ इंच बोअरची षटकोनी नळी बनवली. गोळी २० इंचांत एक पूर्ण गिरकी घ्यायची. १८५७ साली हाइथला लष्कराच्या एन्फील्ड बंदुकीशी सामना झाला. ५०० यार्डांवर एन्फील्डची सरासरी चूक २.२४ फूट, व्हिटवर्थची ०.३७ फूट. जवळजवळ सहापट अचूक! १८६० साली विंबल्डनला राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेच्या उद्घाटनाला राणी व्हिक्टोरियाने स्टँडवर बांधलेल्या व्हिटवर्थ बंदुकीची दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली.

आणि लष्कराने बंदूक नाकारली.

कारणं काय? बोअर लष्कराच्या मते फार लहान. काळ्या दारूची काजळी नळीत लवकर साचायची, मग पुढची गोळी भरणं जड जायचं. शिवाय बनवायला महाग. गॅलरीत ती जिंकली होती, पण चिखलात उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात? अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांनी ती दुरून वापरली आणि दहशत बसवली, पण सामान्य पलटणीची बंदूक ती झाली नाही.

आमच्या विषयात दोन शब्द आहेत : व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन. व्हायव्हात यांच्यातला फरक विचारला की निम्मा वर्ग गार. व्हेरिफिकेशन म्हणजे ठरवलं तसं बनलं का. व्हॅलिडेशन म्हणजे वापरणाऱ्याला हवं ते बनलं का. व्हिटवर्थची बंदूक पहिल्यात पहिली आली आणि दुसऱ्यात नापास झाली. आटे ठरवताना त्याने आधी सगळ्यांना विचारलं होतं, बंदूक करताना फक्त लक्ष्याला विचारलं. पण लष्कराची बाजू घेऊन मी त्याला पूर्ण मोडीत काढणार नाही. १८८८ साली ब्रिटिश लष्कराने जी ली-मेटफोर्ड रायफल घेतली तिचं बोअर ०.३०३ इंच होतं, व्हिटवर्थच्या बोअरपेक्षाही लहान. दिशा त्याचीच बरोबर होती. बाकीची सिस्टिम, म्हणजे दारू, काडतूस आणि कारखाने, तिथवर पोचलेली नव्हती.

स्टँडर्डही म्हातारं होतं

आट्यांचंही पुढे सोपं गेलं नाही. १८६४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने हरकत घेतली. व्हिटवर्थचा गोलसर आटा नीट पाडायला जास्त हत्यारं, जास्त कौशल्य आणि जास्त वेळ लागतो. ५५ अंश मोजायलाही अवघड. त्याने ६० अंशांचा, सपाट टोकांचा आटा सुचवला, जो साधा कारागीरही पाडू शकेल. अमेरिकेने तो घेतला. अर्धा इंची बोल्टला इकडे १२ आटे, तिकडे १३. झालं!

याची किंमत दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली. रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनी बनवू लागली, तेव्हा दोन्हीकडचे भाग एकमेकांना बसावेत म्हणून पॅकार्डला ब्रिटिश आटे पाडायची हत्यारं स्वतः तयार करावी लागली. युद्ध संपल्यावर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून ६० अंशांच्या एका आट्यावर सही केली. १९६५ साली ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने नव्या डिझाइनमध्ये व्हिटवर्थचा आटा वापरू नये, मेट्रिक वापरावा, असं जाहीर केलं. १८४१ ते १९६५, म्हणजे १२४ वर्षांची नोकरी करून आटा रिटायर झाला.

पण निवृत्ती म्हणजे गायब होणं नव्हे. आमच्या वर्कशॉपमधल्या भंगाराच्या डब्यात मी मुद्दाम हात घातला. एम १२ चा बोल्ट आणि जुना अर्धा इंची नट घेतला. दोन-चार फेरे गुण्यागोविंदाने गेले आणि मग अडले. मग थ्रेड गेज घेऊन नळाचा अर्धा इंची जी.आय. पाइप मोजला. इंचात बरोबर १४ आटे, आणि कोन ५५ अंश! पाइपांच्या आट्यांचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आय.एस.ओ. ७ आणि आपलं आय.एस. ५५४, दोन्हींत व्हिटवर्थचाच कोन टिकून आहे. कारण उघड आहे. भिंतीत गाडलेले पाइप कोण बदलणार? बोल्ट बदलता येतो, घराघरातलं पाणी थांबवता येत नाही. नवं स्टँडर्ड कागदावर एका दिवसात येतं, जुनं मात्र शेवटचा पाइप निघेपर्यंत सांभाळावं लागतं. देखभाल आणि निवृत्ती हे टप्पे डिझाइनच्या दिवशीच का विचारात घ्यायचे, याचं उत्तर आपल्या हॉस्टेलच्या बाथरूममध्ये आहे, राव!

मागे काय राहिलं

व्हिटवर्थ स्वभावाने सोपा नव्हता, हट्टी म्हणूनच प्रसिद्ध. पण पैसा त्याने चांगल्या कामाला लावला. १८६८ साली एक लाख पौंड देऊन त्याने तरुण इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या, वर्षाला शंभर पौंडांच्या तीस. अट अशी, की थिअरी तर यायलाच हवी, शिवाय हत्यार हातात धरून कामही करून दाखवायचं. १८६९ साली तो सर झाला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लोला तो गेला. संपत्तीचा मोठा भाग मँचेस्टरच्या वाट्याला आला. त्याच्या नावाची आर्ट गॅलरी तिथे आजही आहे.

इलेक्टिव्हची परीक्षा होईल, मार्क मिळतील, १५२८८ चे चार गट मी कदाचित विसरेनही. पण आपल्यापैकी प्रत्येक जण उद्या कुठल्या तरी ड्रॉइंगवर एखाद्या बोल्टचं माप लिहिणार आहे. ते लिहिताना आपल्या डोक्यात मशीन असतं, उत्पादन असतं, बॉस असतो. वीस वर्षांनी रात्री अकराला पाना घेऊन तो बोल्ट काढणारा फिटर मात्र नसतो. आपलं नाव त्याला माहीत नसणार, आपल्याला त्याचं. तरीही त्याच्या हातात आलेला नवा नट पहिल्या फटक्यात बसला पाहिजे, एवढी सोय करून ठेवणं आपल्या हातात आहे.